मोरीचा ठराव समितीत, जमिनीचा निर्णय समितीबाहेर

जिल्हा परिषदेची निवडणूक म्हटली की आपल्याकडील चर्चा ठरावीक वळणाने जाते. कोणता गट कोणासाठी राखीव झाला, कोणाची उमेदवारी कापली गेली, अध्यक्षपद कोणत्या तालुक्याकडे जाणार, यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. निवडून आलेली माणसे पुढे कोठे बसतात, कोणते कागद वाचतात आणि कोणता प्रश्न विचारण्याचा त्यांना कायद्याने अधिकार असतो, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः जिल्हा परिषदेचे बरेचसे काम सर्वसाधारण सभेत होतच नाही, ते समित्यांमध्ये होते. तीन महिन्यांतून एकदा भरणारी सर्वसाधारण सभा गाजते, तिची छायाचित्रे छापून येतात. दरमहा बसणाऱ्या विषय समितीची बातमी होत नाही. त्यामुळेच या समित्यांच्या हातचे विषय एकामागून एक निघून गेले तरी त्याची ओरड झाली नाही.

‘समिती’ या शब्दाची आपल्या राजकारणात थट्टाही पुष्कळ झाली आहे. एखादा प्रश्न पुरून टाकावयाचा असेल तर त्यावर समिती नेमावी, असे आपण सहज म्हणतो. चौकशी समित्या आणि अभ्यासगट यांच्याबाबत ते अगदीच खोटे नाही. परंतु कायद्याने निर्माण केलेली स्थायी वा विषय समिती ही वेगळी संस्था आहे. तिला मुदत आहे, विषय नेमून दिलेले आहेत, सचिव आहे आणि इतिवृत्त आहे. तिच्यासमोर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. या समित्या कशा चालतात, कशामुळे बिघडतात आणि त्या नसल्या म्हणजे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुळशी तालुका डोळ्यांपुढे ठेवून करावयाचा आहे. पुण्याच्या वेशीला लागून असलेल्या या तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत जमीन, पाणी आणि वस्ती यांविषयीचे जेवढे मोठे निर्णय झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या ग्रामीण तालुक्यात झाले असतील. त्यांतील किती निर्णय स्थानिक समितीने घेतले, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्हा व तालुका पातळीवर बोर्डे आली. त्यांच्या हाती रस्ते, दवाखाने, धर्मशाळा अशी कामे होती. पैसा थोडा आणि कलेक्टरची छाया मोठी. स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली आणि विकासगटाच्या पातळीवरील पंचायत समितीला महत्त्व दिले. महाराष्ट्राने थोडा निराळा मार्ग धरला. राज्य स्थापन झाल्यानंतर १९६० मध्येच वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला आणि जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे असे सुचविले. त्यातून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या काळच्या मानाने हे धाडसाचे पाऊल होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या कायद्याचा कणा म्हणजे समित्या. स्थायी समिती, अर्थ, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, शिक्षण, आरोग्य, पशुसंवर्धन व दुग्धविकास, महिला व बालकल्याण आणि जलव्यवस्थापन व स्वच्छता अशा दहा समित्या आज कायद्यात आहेत. स्थायी समितीचे अध्यक्षस्थान परिषदेच्या अध्यक्षांकडे असते. विषय समितीचा सभापती लोकांतून निवडून आलेला सदस्य असतो आणि सचिव त्या त्या खात्याचा प्रमुख अधिकारी: बांधकाम समितीला कार्यकारी अभियंता, आरोग्य समितीला जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षण समितीला शिक्षणाधिकारी. तालुक्याला पंचायत समिती आणि तिचा सचिव म्हणून गटविकास अधिकारी. याशिवाय उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली सरपंच समितीही कायद्याने सांगितलेली आहे. तालुक्यातील सरपंचांनी आळीपाळीने तिच्यावर यावे अशी योजना आहे. ही समिती कायद्यात आहे याची अनेक कार्यकर्त्यांना कल्पनाही नसते.

या रचनेतील मर्म असे की जो अधिकारी काम करतो तोच समितीचा सचिव म्हणून कागद मांडतो, परंतु त्या कागदाला मान्यता देणारा मात्र दुसरा असतो. एक साधे उदाहरण घेऊ. डोंगरातल्या एखाद्या वाडीवरील शाळेची खोली मोडकळीस आली आहे. मुख्याध्यापक वर कळवितात, अभियंता पाहणी करतो, खोली धोकादायक ठरते. परंतु ती पाडण्यापूर्वी तिचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे परिषदेच्या मालमत्तेच्या नोंदीतून ती रीतसर वगळावी लागते. नंतर नव्या खोलीसाठी तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि मग कामाचा आदेश. यांपैकी कोणत्याही पायरीवर कागद थांबू शकतो आणि तो थांबला म्हणून कोणाचेही वेतन थांबत नाही. मुले मात्र पावसाळाभर देवळाच्या ओवरीत बसतात. अशा वेळी समितीतील एक सदस्य उठून विचारतो, “गेल्या बैठकीत या खोलीचा विषय झाला होता, त्याचे पुढे काय झाले?” या प्रश्नाचे उत्तर सचिवाला द्यावे लागते, ते इतिवृत्तात उतरते आणि पुढील महिन्याच्या अनुपालन अहवालात त्याची पुन्हा गाठ पडते. समितीची ताकद म्हणजे एवढीच. ती दिसायला लहान आहे, पण त्या वाडीजवळ याहून दुसरी ताकद नाही.

सार्वजनिक आयव्यय हा विषय मी अनेक वर्षे शिकविला. त्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर प्रशासनाचा सर्वांत महाग कच्चा माल म्हणजे माहिती. अधिकाऱ्याजवळ नियम आणि बेरजा असतात. कोणती अंगणवाडी आठवड्यातून दोनच दिवस उघडते, कोणत्या दवाखान्यात साप चावल्यावरचे औषध संपले आहे, कोणती मोरी पहिल्या पावसात वाहून जाते, हे गावात राहणाऱ्या सदस्याला फुकट ठाऊक असते. ही दोन प्रकारची माहिती एका टेबलावर आणणारी आणि तिची लेखी नोंद ठेवणारी जागा म्हणजे समिती. हे काम दूरवरून आकडे गोळा करणाऱ्या संगणकाच्या पडद्याने होत नाही, कारण त्या पडद्यावर जे भरले जाते तेच दिसते, आणि ते भरणारा माणूस त्याच खात्याचा नोकर असतो.

याचा अर्थ समित्या सोवळ्या आहेत असा नव्हे. विषयपत्रिका बैठकीच्या आदल्या दिवशी हाती पडते. महत्त्वाचे प्रस्ताव ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने येतात आणि सूचक-अनुमोदकांची नावे आधीच लिहिलेली असतात. झालेल्या खर्चाला कार्योत्तर मंजुरी दिली जाते. एका कामाचे तुकडे पाडून ती ठरावीक मर्यादेच्या आत बसविली जातात, म्हणजे निविदेचा त्रास नको. बांधकाम समितीचे सदस्यत्व मिळावे म्हणून चढाओढ होते. समाजकल्याण वा महिला व बालकल्याण समितीसाठी ती तशी होत नाही, यातच पुष्कळ काही आले. परिषदेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे असे बंधन आहे. पण ती रक्कम वर्षानुवर्षे शिलाई यंत्रे, सायकली आणि पिठाच्या गिरण्या यांच्या खरेदीत जात राहिली. अमुक गावाला कशाची गरज आहे, यापेक्षा पुरवठादाराजवळ काय शिल्लक आहे, यावर यादी ठरते असा संशय लोकांनी घेतला तर त्यांना दोष देता येणार नाही. २०१६ च्या अखेरीस राज्य शासनाने वस्तूंऐवजी लाभार्थ्याच्या खात्यात पैसे देण्याचे धोरण आणले. त्याने खरेदीतील एक दरवाजा बंद झाला हे चांगलेच झाले. परंतु लाभार्थी कोण, हा निर्णय तरीही कोणीतरी घ्यावाच लागतो. तो समितीने उघडपणे घ्यावा की कार्यालयातील टेबलाने, एवढाच पर्याय उरतो.

समितीतल्या या रोगांवर औषध म्हणून समितीच नको, असा विचार आपल्या मध्यमवर्गात रुजला आहे. त्याची परीक्षा महाराष्ट्राने नुकतीच घेतली. पुणे जिल्हा परिषदेची आणि तिच्याबरोबर जिल्ह्यातील पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न आणि गटांची फेररचना यांत निवडणुका अडकल्या. मुख्य कार्यकारी अधिकारी जिल्हा परिषदेचे प्रशासक झाले, गटविकास अधिकारी पंचायत समितीचे. संविधानाचा २४३-ङ हा अनुच्छेद सांगतो की पंचायतीची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुदतीपूर्वी विसर्जित केलेल्या संस्थेसाठीसुद्धा सहा महिन्यांची मर्यादा आहे. असे असता तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश देऊन चार आठवड्यांत अधिसूचना काढा, असे सांगावे लागले. आणि त्या आदेशानंतरही मुदती पुढेच ढकलल्या गेल्या.

या काळात कायद्याच्या दृष्टीने समित्या नाहीशा झाल्या नव्हत्या. त्या सर्व एका माणसात सामावल्या होत्या. खातेप्रमुख टिपणी सादर करणार, त्यावर प्रशासक म्हणून एकच अधिकारी विषय समितीच्या वतीने, स्थायी समितीच्या वतीने आणि सर्वसाधारण सभेच्या वतीने मान्यता देणार आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तोच त्या ठरावाची अंमलबजावणी करणार. प्रस्ताव, मंजुरी, अंमल आणि देखरेख या चारही गोष्टी एकाच सहीखाली आल्या. तो अधिकारी प्रामाणिक आणि कर्तबगार असू शकतो. तसे अधिकारी आपण पाहिले आहेत आणि त्यांच्या काळात कागद लवकर हलले असे सांगणारे लोकही भेटतात. परंतु वेगाने झालेल्या कामांची मोजदाद होते. न विचारल्या गेलेल्या प्रश्नांची मोजदाद कोण करणार? मार्चअखेरीस अखर्चित निधी एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली वळविला जातो, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. ज्या गावाच्या वाट्याचा निधी वळला त्या गावाचा माणूस त्या खोलीत नसेल, तर ही गोष्ट गावाला कळण्याचा मार्गच उरत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो हे खरे. पण अर्ज करण्यासाठी काय घडले याचा सुगावा आधी लागावा लागतो.

याचा आर्थिक भुर्दंडही आहे. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५ ते २०२०) आपला सारा ग्रामीण निधी ग्रामपंचायतींना दिला होता. पंधराव्या आयोगाने ती चूक दुरुस्त केली आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्यात ८०, १० आणि १० टक्के अशी वाटणी झाली. परंतु हा पैसा रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी आहे. निवडणूक लांबवून राज्याने वरच्या दोन पातळ्यांचा हक्कच लंगडा केला. जिल्हा नियोजन समितीचेही तेच झाले. संविधानाच्या २४३-यघ अनुच्छेदाप्रमाणे तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायती व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावयाचे असतात. मूळ सदस्यच नसतील तर ते चार-पंचमांश येणार कोठून? उरतात ते अध्यक्ष असलेले पालकमंत्री, सदस्य-सचिव असलेले जिल्हाधिकारी, आमदार-खासदार आणि नामनिर्देशित मंडळी. नाईक समितीने ज्या जिल्हाधिकाऱ्याला १९६१ मध्ये दारातून बाहेर ठेवले, ते असे खिडकीतून आत आले.

आता मुळशीकडे वळू. प्रशासकाची राजवट हा झाला अलीकडचा आजार. मुळशीचे दुखणे त्याहून जुने आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापटांच्या नावाने तो सर्वांच्या स्मरणात राहिला. टाटांच्या वीज कंपनीसाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळ्यांची भातखाचरे घेतली. पुणे जिल्ह्यात तेव्हाही लोकल बोर्ड होते. पण भूसंपादन ही सरकार, कलेक्टर आणि कंपनी यांच्यातील बाब होती. धरण झाले आणि त्याचे पाणी घाट उतरून कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे गेले. धरणाच्या काठच्या वाड्यांची पाण्याची तहान मात्र पुढे टँकर आणि नळयोजनांच्या फायलींत फिरत राहिली. त्या फायली पंचायत समितीकडे आल्या. धरणातील पाण्याचा प्रश्न कधीच आला नाही.

स्वराज्य आल्यावर, पंचायत राज्य आल्यावर, हा रिवाज बदलावयास हवा होता. हिंजवडी, माण, मारुंजी या परिसरात माहिती तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले ते औद्योगिक विकास महामंडळाच्या द्वारे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वरसगाव जलाशयाच्या परिसरात लवासा हे डोंगरी नगर उभारण्यासाठी राज्य शासनाने २००८ मध्ये त्या नगराच्या उभारणीतील कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. इमारतींना परवानगी मागणारी संस्था आणि परवानगी देणारी संस्था एकच, ही स्थिती प्रशासकाच्या चार सह्यांहूनही अद्भुत म्हणावी लागेल. तो दर्जा २०१७ मध्ये काढून घेण्यात आला, आणि येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: तो निर्णय विधिमंडळाच्या लोकलेखा समितीच्या शिफारशीनंतर झाला. म्हणजे समितीने प्रश्न विचारला तेव्हा काही हालले. परंतु काढून घेतलेला अधिकार परत पंचायत समितीकडे वा जिल्हा परिषदेकडे आला नाही. तो गेला २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. आणि त्या प्राधिकरणाची रचना अशी की अध्यक्षस्थानी राज्याचे मुख्यमंत्री.

२०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते तुंबले तेव्हा ओढा कोणी बुजविला, गटार कोणाचे, रस्ता कोणाचा, याचा शोध घेता घेता लोक थकले. महामंडळ, प्राधिकरण, मेट्रोचे काम, सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सर्वांचा थोडा थोडा भाग. ज्या एका टेबलावर या सर्वांना बोलावून जाब विचारता येईल अशी लोकनियुक्त समिती त्या वेळी तालुक्यातही नव्हती आणि जिल्ह्यातही नव्हती. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक या गावांची गोष्ट तर आणखी वेगळी. जून २०२१ मध्ये ती पुणे महानगरपालिकेत गेली. ग्रामपंचायती संपल्या, आणि मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेचीही मुदत संपून तेथे प्रशासक बसला. गावाचा सदस्य गेला आणि शहराचा नगरसेवक आला नाही. कर मात्र भरावयाचा होताच.

यातून मुळशीचा एक नियमच तयार झालेला दिसतो. मोरी, अंगणवाडीचे छत, स्मशानभूमीचे कुंपण, शिलाई यंत्र यांचे ठराव समितीत होतात. जमिनीचा वापर, पाण्याचा ओघ, नगरांची आखणी हे निर्णय समितीबाहेर होतात. मग समितीतील सदस्याने मोरीच्या कामातच आपले सारे राजकारण शोधले तर नवल काय? ज्याच्या हाती मोठे काही दिलेच नाही, तो लहान गोष्टीत वाटा मागू लागतो. समित्यांतील क्षुद्रपणाचे मूळ सदस्यांच्या स्वभावापेक्षा या वाटणीत अधिक आहे.

या वाटणीचा परिणाम तालुक्याच्या जमाखर्चावरही होतो. जमीन विकली गेली की मुद्रांक शुल्कावरील अधिभारातून जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना वाटा मिळतो. पुणे शहराभोवतालच्या तालुक्यांत हे उत्पन्न दांडगे आहे, त्यामुळे परिषद श्रीमंत दिसते. परंतु हे उत्पन्न व्यवहाराचे आहे, उत्पादनाचे नव्हे. खरेदीखत झाले त्या दिवशी पैसा येतो. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वस्तीचे पाणी, कचरा, शाळा आणि रस्ते यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. विक्री मंदावली की जमा आटते, खर्च तसाच राहतो. अर्थ समितीने हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या वेळी विचारावयाचा असतो: एकदाच येणाऱ्या पैशातून आपण कायमच्या कोणत्या जबाबदाऱ्या घेत आहोत? आणि अधिक जमीन विकली जावी यातच परिषदेचा स्वार्थ निर्माण झाला, तर शेतीच्या बाजूने कृषी समितीत कोण बोलणार? असे प्रश्न अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापलेले नसतात. ते विचारणारे कोणीतरी लागते.

समाजवादी विचारात या प्रश्नाचे भान पूर्वीपासून आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरील चौखंभा राज्याची कल्पना मांडली आणि कलेक्टरचे पद रद्द करावे असे सांगितले. जनता राजवटीत डिसेंबर १९७७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद एके काळचे समाजवादी नेते अशोक मेहता यांच्याकडे होते. त्यांच्या १९७८ च्या अहवालाने राज्याच्या खालोखाल सत्तेचे खरे केंद्र जिल्हा असावे असे म्हटले. कर्नाटकात जनता पक्षाच्या सरकारने १९८३ चा कायदा करून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा दिला आणि परिषदेचा मुख्य सचिव जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरहून ज्येष्ठ ठेवला. त्यामागे अब्दुल नझीरसाब यांची निष्ठा होती. प्रतिष्ठेचा हा क्रम म्हणजे केवळ मानपानाची बाब नव्हे. बैठकीला कोणी कोणास बोलवावयाचे, हे त्यावर ठरते.

ज्या इंग्लंडकडून आपण बोर्डे आणि समित्या घेतल्या, तेथील अनुभवही बोलका आहे. २००० च्या कायद्याने तेथील बहुतेक स्थानिक परिषदांतील जुनी समिती पद्धत मोडली आणि मोजक्या सदस्यांच्या मंत्रिमंडळासारख्या रचनेकडे कारभार दिला. हेतू होता वेगाचा. बाकीचे सदस्य निर्णय झाल्यावर परीक्षण करणारे उरले. २०११ च्या कायद्याने परत फिरण्याची मुभा मिळाली आणि काही परिषदा समित्यांकडे परतल्या. शेफील्ड शहरात रस्त्यालगतची झाडे तोडण्यावरून लोकांचा मोठा संघर्ष झाला होता. तेथील नागरिकांनी सह्या गोळा करून जनमताची मागणी केली आणि मे २०२१ मध्ये मतदान करून समिती पद्धत परत आणली. आमच्या वस्तीचा प्रतिनिधी निर्णयाच्या आधी खोलीत असला पाहिजे, असे त्या शहरातील साध्या मतदाराला वाटले. आपल्याकडे ती खोली रिकामी असताना त्यासाठी किती मोर्चे निघाले?

सभागृह पुन्हा भरले म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटत नाही. काही गोष्टी कायद्यात व्हावयास हव्यात. मुदत संपण्यापूर्वी ठरावीक महिने आधी निवडणुकीची प्रक्रिया सुरू झालीच पाहिजे, आणि अपरिहार्य कारणाने प्रशासक आलाच तर सहा महिन्यांनंतर त्याला नवे धोरणात्मक निर्णय व पुनर्विनियोजन करता येऊ नये. त्या काळात तालुक्यातील निवडून आलेल्या सरपंचांनी आपल्यातून अध्यक्ष निवडून सरपंच समिती चालवावी आणि प्रशासकाचे ठराव तिच्यापुढे मांडले जावेत, अशी दुरुस्ती करता येईल. महानगर प्राधिकरणासारख्या संस्थेने तालुक्यातील जमीन-वापराचा निर्णय घेण्यापूर्वी तो पंचायत समिती आणि संबंधित विषय समित्यांपुढे ठेवावा व त्यांचे लेखी मत आराखड्याला जोडावे. महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत, असे संविधानच सांगते. त्या तरतुदीची आठवण शासनाला सतत करून द्यावी लागेल.

परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. जे करता येण्यासारखे आहे ते कार्यकर्त्यांनी करावयाचे आहे. पौडला पंचायत समितीची मासिक सभा कोणत्या दिवशी असते, तिची विषयपत्रिका काय होती आणि मागील ठरावांचे अनुपालन काय झाले, याची नोंद ठेवणारा एक तरी साथी तालुक्यात असावा. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक विषय समितीसाठी एक अभ्यासू कार्यकर्ता ठरवावा. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने इतिवृत्ते मिळतात, ती मागवावीत, वाचावीत आणि गावच्या फळ्यावर सोप्या भाषेत लिहावीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. त्या समितीची बैठक मुख्याध्यापकाच्या वहीत होते की प्रत्यक्षात, हे पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

याच ठिकाणी स्त्री सदस्यांचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्यांच्यासाठी निम्म्या जागा राखल्या. मोठ्या सभागृहात, आवाज चढविणाऱ्यांच्या गर्दीत, प्रथमच निवडून आलेल्या बाईला बोलणे कठीण जाते. दहा-बारा जणांच्या समितीत ती कागद पुढे ओढून विचारू शकते, चुकू शकते, पुढल्या महिन्यात पुन्हा विचारू शकते. समिती ही तिची शाळा आहे. ती शाळा जितकी वर्षे बंद राहिली, तितकी वर्षे अशा शेकडो स्त्रियांचे शिक्षण थांबले. आणि तिच्या खुर्चीवर बसू पाहणाऱ्या पतिराजांना मात्र कोणत्याही शाळेची गरज नव्हती. आपल्या पक्षाच्या शिबिरांत विचारधारेवरील व्याख्याने होतात, ती व्हावीतच. त्यांच्या जोडीला एक दिवस विषयपत्रिका कशी वाचावी, कार्योत्तर मंजुरीला हरकत कशी नोंदवावी, आपले वेगळे मत इतिवृत्तात कसे लिहून घ्यावे, यासाठी ठेवावा. इतिवृत्त कायम करताना ‘हे वाक्य माझे नाही’ असे म्हणता आले, तर त्या सदस्याने लोकशाहीची पहिली इयत्ता पार केली असे समजावे. मुळशीच्या जमिनीचा पुढचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा दुसऱ्या इयत्तेची परीक्षा असेल, आणि तिची तयारी मोरीच्या ठरावापासूनच करावी लागेल.